झीऑन तीन गीगाहर्ट्‌झ, पण त्यातला कोणता?

संगणक-सल्ला : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

या वेळच्या टपालातून चार पत्रं एकाच विषयाची निघाली. सर्व्हर जुना आहे, पडद्यावर प्रोसेसरची एक ओळ दिसते आणि ती बघून घरातला, दुकानातला, ऑफिसातला प्रत्येक जण वेगळं सांगतो. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यात एका चालत्या कारखान्याचा हिशोब अडकलेला आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. भोसरी एमआयडीसीत आमचं जॉबवर्कचं वर्कशॉप आहे. वडिलांनी घेतलेला टॉवर सर्व्हर ऑफिसात अजून चालू आहे. त्यावर विंडोज सर्व्हर २००३ आणि स्टोअर, चलनं, कामगारांचे पगार यांचं एक सॉफ्टवेअर आहे. ते लिहून देणारे गृहस्थ आता हयात नाहीत. सिस्टिमइन्फो ही कमांड दिली की '४ प्रोसेसर' असं येतं आणि त्याखाली चारदा एकच ओळ : 'एक्स८६ फॅमिली १५ मॉडेल ४ स्टेपिंग ३ जेन्युइनइंटेल ~२९९२ मेगाहर्ट्‌झ'. माय कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'इंटेल झीऑन (टीएम) सीपीयू ३.०० गीगाहर्ट्‌झ' आणि रॅम ३.५० जीबी दिसते. एएमसीवाले म्हणतात चार कोअर आहेत, रॅम वाढवून नवीन विंडोज टाकू. मेहुणे म्हणतात एक्स८६ म्हणजे ३२ बिटचा, भंगारात काढा. मुलगा इंजिनिअरिंगला आहे, त्याला यावर तीन-चार व्हर्च्युअल मशिनं चालवायची आहेत. नक्की काय आहे हे? – एक वाचक, भोसरी

उत्तर : तिघांचंही चुकतंय, प्रत्येकाचं वेगळ्या जागी. तुमच्या सर्व्हरमध्ये प्रोसेसर दोन आहेत आणि प्रत्येकात कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा भाग, एकच आहे. प्रोसेसर ६४ बिटचा आहे. व्हर्च्युअल मशिनांसाठी, म्हणजे एका मशीनच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या वेगळ्या मशिनांसाठी, प्रोसेसरमध्ये जी सोय लागते ती त्यात नाही. इंटेलमध्ये त्याचं नाव होतं इर्विनडेल, आणि तो फेब्रुवारी २००५ मध्ये बाजारात आला. यातलं जवळजवळ सगळं तुम्ही पाठवलेल्या ओळींतच आहे. ते कुठे आणि कसं, हे सविस्तर सांगते, म्हणजे पुढच्या वेळी कोणी काही विकायला आलं तर तुम्हाला स्वतःला पडताळता येईल.

आधी नाव. झीऑन हे नाव इंटेल सर्व्हर आणि वर्कस्टेशनच्या प्रोसेसरसाठी १९९८ पासून वापरते आहे. मधल्या वर्षांत त्या एका नावाखाली एकमेकांशी काही संबंध नसलेले प्रोसेसर येऊन गेले. २००४ ते २००६ मधल्या झीऑनची अडचण अशी, की पडद्यावर येणाऱ्या नावात त्यांचा मॉडेल नंबरच नसतो, नुसता वेग असतो. 'झीऑन ३.०० गीगाहर्ट्‌झ' एवढंच वाचलं तर समोर निदान तीन प्रोसेसर असू शकतात : जून २००४ मधला नोकोना, १ एमबी कॅशचा (कॅश म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी), तुमचा इर्विनडेल, २ एमबी कॅशचा, किंवा मे २००६ मधला डेम्प्सी, ज्यात कोअर दोन असतात आणि सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची बोर्डावरची जागा, तीसुद्धा निराळी असते. वेग तिघांचा तोच, नाव अक्षरशः तेच. माझं बरंचसं काम भोसरी, चाकण, हडपसर अशा कारखान्यांतल्या सर्व्हरांच्या देखभालीचं होतं. नुसतं नाव वाचून मागवलेला जोडीचा प्रोसेसर बसतच नाही, आणि दुरुस्ती आठवडाभर अडकते, हे मी तिथे जवळून पाहिलं आहे.

नावात एक खूण मात्र उपयोगाची आहे. झीऑनच्या पुढे कंसात टीएम असेल तर प्रोसेसर बहुधा पेंटियम ४ च्या घराण्यातला, म्हणजे जुना. २००६ च्या मध्यानंतरच्या झीऑनपुढे कंसात आर येतो, आणि त्यांच्या नावात ५१६० किंवा ई५४२० असा नंबरही येतो. तुमच्याकडे टीएम आहे.

आता आकडे. फॅमिली (घराणं), मॉडेल (त्यातला प्रकार) आणि स्टेपिंग (त्या प्रकाराची सुधारित आवृत्ती) हे तीन आकडे प्रोसेसर स्वतःबद्दल स्वतः सांगतो. विंडोज ते फक्त वाचून दाखवते. यात लोक सगळ्यात जास्त फसतात ते फॅमिलीच्या आकड्याला. आकडा मोठा म्हणजे प्रोसेसर नवा, असं साहजिकच वाटतं. खरा इतिहास वेगळा आहे. फॅमिली ६ सुरू झाली १९९५ च्या पेंटियम प्रोपासून. २००० साली पेंटियम ४ आला तेव्हा इंटेलने एकदम १५ वर उडी मारली. या घराण्याची रचना नेटबर्स्ट नावाची. तिचा सगळा भर गीगाहर्ट्‌झ वाढवण्यावर होता, आणि वेगाबरोबर उष्णता इतकी वाढली की २००६ मध्ये इंटेलने ती वाट सोडली. त्यानंतर जे 'कोअर' आलं ते इस्राएलमधल्या गटाने लॅपटॉपसाठी घडवलेल्या पेंटियम एमच्या वळणाचं, आणि पेंटियम एमचं मूळ पेंटियम प्रोपर्यंत जातं. म्हणून फॅमिलीचा आकडा पुन्हा ६ झाला, आणि पुढची अनेक वर्षं झीऑन फॅमिली ६ मध्येच येत राहिले. बदलत गेला तो मॉडेलचा आकडा. तेव्हा इंटेलच्या बाबतीत फॅमिली १५ ही फॅमिली ६ मॉडेल २३ पेक्षा जुनी. (ओळीत जेन्युइनइंटेलच्या जागी ऑथेंटिकएएमडी असेल तर हा हिशोब लागू नाही. एएमडीची फॅमिली १५ म्हणजे २००३ पासूनचे ऑप्टेरॉन, आणि तिकडे आकडा पुढे वाढतच गेला आहे.)

फॅमिली १५ च्या झीऑनमध्ये मॉडेल २ असेल तर तो ३२ बिटचा, त्याआधीचा. मॉडेल ३, किंवा मॉडेल ४ स्टेपिंग १, हा नोकोना. मॉडेल ४ स्टेपिंग ३ हा इर्विनडेल. मॉडेल ६ असता तर डेम्प्सीचा विचार करावा लागला असता. नुसत्या आकड्यांवरही विसंबू नका, बरं का. १५-४-३ हेच तीन आकडे त्या काळच्या २ एमबी कॅशच्या पेंटियम ४ चेही आहेत. नाव झीऑन आणि आकडे १५-४-३, हे दोन्ही एकत्र धरले तेव्हा उत्तर एकच उरतं.

मेहुण्यांचा एक्स८६. विंडोजच्या त्या ओळीतला पहिला शब्द प्रोसेसरबद्दल नसून बसवलेल्या विंडोजबद्दल असतो. तुमची विंडोज ३२ बिटची आहे, म्हणून एक्स८६ दिसतं. याच सर्व्हरवर ६४ बिटची सर्व्हर २००३ असती तर त्याच जागी ईएम६४टी आलं असतं. ३.५० जीबीचंही कारण विंडोजच आहे. ३२ बिटच्या सर्व्हर २००३ स्टँडर्डची मर्यादाच ४ जीबी, आणि त्यातला काही पत्ता-भाग कार्डांसाठी राखला जातो. जास्त रॅम विकत घेऊन लावली तरी ही विंडोज ती वापरणार नाही. शिवाय या सर्व्हरांना लागते रजिस्टर्ड ईसीसी रॅम. साध्या डेस्कटॉपची त्यात चालत नाही.

एएमसीवाल्यांचे चार कोअर. या प्रोसेसरमध्ये हायपरथ्रेडिंग आहे. एका कोअरवर कामाच्या दोन रांगा लावायची ती युक्ती आहे, आणि विंडोजला त्या दोन रांगा दोन प्रोसेसर वाटतात. दोन प्रोसेसर, प्रत्येकी दोन रांगा, म्हणून चार. तुमच्याच शॉपमधलं उदाहरण घ्या : एक ऑपरेटर दोन मशिनं सांभाळतो तेव्हा एक मशीन कापत असताना तो दुसऱ्यावर जॉब लावतो. त्याचा रिकामा वेळ कामी येतो, उत्पादन थोडं वाढतं. पण म्हणून तुम्ही पगारपत्रकावर दोन माणसं लिहीत नाही. लिनक्समध्ये हे उघड दिसतं. तिथे 'सिब्लिंग्ज' आणि 'सीपीयू कोअर्स' अशा दोन वेगळ्या ओळी असतात. पहिली दुसरीच्या दुप्पट असेल तर हायपरथ्रेडिंग चालू आहे. तुमच्याकडे त्या २ आणि १ अशा येतील. 'फिजिकल आयडी' ही ओळ किती निरनिराळे आकडे दाखवते तितके प्रोसेसर बोर्डावर आहेत. तुमच्याकडे ० आणि ३ असं काही दिसलं तरी घाबरू नका, मधले आकडे गाळलेले असू शकतात.

मुलाची व्हर्च्युअल मशिनं. इंटेलने व्हीटी ही त्यांना लागणारी सोय प्रथम नोव्हेंबर २००५ मध्ये काही पेंटियम ४ मध्ये आणली. तुमचा प्रोसेसर त्याच्या काही महिने आधीचा. लिनक्समध्ये 'फ्लॅग्ज' या लांबलचक ओळीत 'व्हीएमएक्स' हा शब्द शोधायला सांगा. तो सापडणार नाही. 'एलएम' मात्र सापडेल, आणि ६४ बिटचा पुरावा तोच. 'एचटी' हा शब्दही दिसेल, पण तो हायपरथ्रेडिंग चालू असल्याचा पुरावा धरायचा नाही. ते बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये) बंद केलं तरी हा शब्द तिथे राहतो.

खात्री करायची तर प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड या प्रोग्रॅमची विंडोज सर्व्हर २००३ वर चालणारी जुनी आवृत्ती दुसऱ्या मशीनवर उतरवून पेनड्राइव्हने न्या. ती कोडनेम दाखवते, कॅशही दाखवते. पेनड्राइव्ह आधी स्कॅन करा. या सर्व्हरला इंटरनेट जोडू नका : सर्व्हर २००३ चा सुरक्षेचा आधार १४ जुलै २०१५ ला संपला आहे.

एक गोष्ट मात्र कोणी सुचवली तरी करू नका : प्रोसेसरवरचा नंबर वाचायला हीटसिंक उपटणं. वरच्या धातूवर एसएलपासून सुरू होणारा पाच अक्षरांचा कोड असतो आणि ओळख पटवायला तो उत्तमच. पण या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात. वीस वर्षांत मधली पेस्ट वाळून दगड झालेली असते, हीटसिंक ओढला की प्रोसेसर त्याला चिकटून कुलूपबंद सॉकेटमधून तसाच वर येतो आणि पिना वाकतात. चालत्या हिशोबाच्या सर्व्हरवर हा धोका एका नंबरासाठी पत्करू नये. पुढे कधी काढावाच लागला तर मशीन थोडा वेळ चालवून गरम होऊ द्या, बंद करून प्लग काढा आणि हीटसिंक सरळ न ओढता अगदी हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवून सुटा करा.

आता करायचं काय. या सर्व्हरवर एक रुपयाही नव्याने घालू नका, हे माझं स्पष्ट मत आहे. विंडोज सर्व्हर २०२५ ला प्रोसेसरमध्ये एसएसई४.२ आणि पॉपकाउंट या आज्ञा लागतात, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ ला त्यांच्यासकट आणखी काही. या दोन आज्ञा झीऑन प्रोसेसरांत आल्या नेहालेम पिढीपासून, म्हणजे २००९ पासून. डेबियनसारखी ६४ बिटची लिनक्स तुमच्या मशीनवर बसेल, पण त्याने तुमचं सॉफ्टवेअर चालणार नाही. विजेचाही हिशोब करा. हे प्रोसेसर प्रत्येकी शंभर वॉटच्या वरचे आहेत. समजा सगळा सर्व्हर सरासरी ३०० वॉट घेतो. चोवीस तासांचे ७.२ युनिट झाले, महिन्याचे २१६. प्लगमध्ये लावायचं मीटर मिळतं, तुमचा खरा आकडा त्यावर मोजा आणि महावितरणच्या बिलातल्या दराने गुणा.

खरी किंमत त्या लोखंडाची नाही, आत साठलेल्या नोंदींची आहे, आणि घाई तिथे करायची आहे. आधी डेटाची प्रत काढा, ती दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. मग संपूर्ण सर्व्हरची प्रतिमा, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल, घेऊन ती नव्या साध्या मशीनवर व्हर्च्युअल मशीन म्हणून चालवा. मुलाचा उत्साह इथे उपयोगी पडेल. अशी प्रतिमा घेणाऱ्या डिस्क२व्हीएचडी या प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्त्या सर्व्हर २००३ वर चालतात. नव्या ठिकाणी पहिल्यांदा सुरू करताना निळा पडदा आणि त्यावर ७बी असा कोड दिसला, तर प्रतिमा खराब झाली असं समजू नका. विंडोजकडे नव्या डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो घालता येतो. सर्व्हरच्या पाठीमागे पॅरलल पोर्टला किंवा यूएसबीला सॉफ्टवेअरचं लॉक लावलेलं आहे का तेही आजच बघा. त्या काळच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरना ते सर्रास असायचं, आणि असेल तर नवं मशीन निवडताना ते विचारात घ्यावं लागेल. डिस्क बाहेर काढायची वेळ आलीच तर प्रत्येकीवर तिच्या खाचेचा क्रमांक लिहा. रेडमधल्या, म्हणजे एकत्र जोडून वापरलेल्या, डिस्क वेगळ्या कंट्रोलरला किंवा क्रम बदलून लावल्या की डेटा परत मिळवणं फार अवघड होऊन बसतं.

नवं मशीन दोन-तीन महिने बिनतक्रार चालेपर्यंत जुना सर्व्हर जागेवर राहू द्या. त्यानंतर डिस्क पुसून तो नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर केंद्राला द्या आणि पावती घ्या. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. तुमच्या भागात गाडी घेऊन फिरणाऱ्याला तो देऊ नका. पगाराच्या नोंदी असलेल्या डिस्क अशा कुठेही जाता कामा नयेत.

प्रश्न : ताई, मी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, धनकवडीत राहते. बुधवार पेठेतल्या एका जुन्या मालाच्या दुकानात एका प्रोसेसरचं वर्कस्टेशन बघून आले. दुकानदार म्हणतात झीऑन ई५-२६७० व्ही२ आहे, दहा कोअर. मी सीपीयू-झेडचा फोटो काढला : फॅमिली ६, मॉडेल डी, एक्स्टेंडेड मॉडेल २डी, स्टेपिंग ७, कॅश २० एमबी, आणि वेग १२०० मेगाहर्ट्‌झच दिसतोय. बाबा म्हणतात २.६ सांगून १.२ चा विकताहेत. मला लिनक्स, कंटेनर, व्हर्च्युअल मशिनं शिकायची आहेत. घेऊ का? – एक विद्यार्थिनी

उत्तर : फोटो काढून आणलास, फार चांगलं केलंस. बाबांची शंका आधी दूर करते. सीपीयू-झेड दाखवतं तो त्या क्षणीचा वेग. मशीन रिकामं बसलं की हा प्रोसेसर वीज वाचवायला १२०० वर उतरतो. काही जड काम सुरू कर, तो वर जाईल. यात लबाडी नाही.

व्ही२, म्हणजे दुसऱ्या पिढीचा, हे म्हणणं मात्र चूक आहे. एक्स्टेंडेड मॉडेल २डी हा सोळाच्या पायाचा आकडा. दोन गुणिले सोळा बत्तीस, आणि डी म्हणजे तेरा, झाले ४५. लिनक्समध्ये हेच 'मॉडेल ४५' असं सरळ दिसेल. फॅमिली ६ मॉडेल ४५ म्हणजे सँडी ब्रिज-ईपी, मार्च २०१२ चा पहिला ई५. व्ही२ असता तर ६२ दिसलं असतं, व्ही३ ला ६३, व्ही४ ला ७९. कॅशही तेच सांगते : पहिल्या २६७० मध्ये ८ कोअर आणि २० एमबी, व्ही२ मध्ये १० आणि २५, व्ही३ मध्ये १२ आणि ३०. दुकानदारांना हे शांतपणे दाखव. अनेकदा त्यांनाही पुढच्याने सांगितलेलं असतं. पण भाव ८ कोअरचाच दे.

स्टेपिंग ७ ही तुझ्या बाजूची गोष्ट आहे. याच प्रोसेसरच्या स्टेपिंग ६ मध्ये व्हीटी-डीत दोष होता. व्हीटी-डी म्हणजे ग्राफिक्स किंवा नेटवर्क कार्ड थेट व्हर्च्युअल मशीनच्या हाती द्यायची सोय. स्टेपिंग ७ मध्ये तो दुरुस्त झाला. जुना ई५ घेणाऱ्या प्रत्येकाने हा एक आकडा बघितलाच पाहिजे असं मी म्हणेन. दुकानात तो कोणी विचारत नाही.

हे आकडे कंटाळवाणे वाटू नयेत म्हणून पुण्यातलीच माहिती देते. फेब्रुवारी २०१३ मध्ये सी-डॅकने पुण्यात परम युवा-२ हा महासंगणक सुरू केला, त्यात हाच ई५-२६७० होता, झीऑन फायच्या कार्डांच्या जोडीने. त्याआधी नोव्हेंबर २००७ मध्ये टाटांच्या कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचा 'एका' नावाचा पुण्यातला महासंगणक जगात चौथा आला होता. त्यात झीऑनची ५३०० मालिका, फॅमिली ६ मॉडेल १५. आणि पाषाणच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेत, आयआयटीएममध्ये, जानेवारी २०१८ ला आलेला प्रत्युष ई५-२६९५ व्ही४ वर चालायचा, मॉडेल ७९. मॉडेल १५, ४५, ७९ : आपल्या शहरात दहा-अकरा वर्षांत झीऑन कुठून कुठे गेला ते या तीन आकड्यांत दिसतं. ज्या प्रोसेसरवर हवामान आणि भूगर्भाची गणितं सुटली त्यावर तू लिनक्स शिकणार आहेस, याचा मला खरंच आनंद वाटतो.

मर्यादाही ऐक. या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स (अनेक आकड्यांवर एकदम गणित करणाऱ्या आज्ञा) आहे, त्याची पुढची आवृत्ती एव्हीएक्स२ नाही. ते २०१४ च्या व्ही३ पासून. म्हणून मोंगोडीबी ५ हा डेटाबेस त्यावर चालेल, कारण त्याला नुसतं एव्हीएक्स लागतं. रेड हॅट ९ चालेल, रेड हॅट १० चालणार नाही. शिकण्यासाठी अडचण नाही. पुढे वाढवायचं ठरलं तर बोर्डाचा बायॉस साथ देत असेल तर त्याच सॉकेटमध्ये व्ही२ बसेल आणि डीडीआर३ रॅम तीच राहील. व्ही३ बसणार नाही, त्याचं सॉकेट वेगळं आणि रॅम डीडीआर४. हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर कोणीतरी तुला 'नंतर व्ही३ टाक' म्हणून बोर्ड विकेल.

घे, पण दुकानात अर्धा तास पूर्ण जोर देऊन चालवून बघ, पंखा सगळ्या वेगाने फिरतो का आणि सगळी रॅम दिसते का ते पाहा. प्रोसेसर ११५ वॉटचा आहे. घरात रात्रंदिवस चालू ठेवायचं मशीन हे नव्हे, काम झालं की बंद करत जा.

प्रश्न : कोथरूडला माझं कर-सल्ल्याचं ऑफिस आहे. भाड्याने घेतलेल्या व्हर्च्युअल सर्व्हरवर प्रोसेसरचं नाव 'इंटेल झीऑन प्रोसेसर (स्कायलेक, आयबीआरएस)' असं येतं. इंटेलच्या यादीत या नावाचं काही सापडत नाही. आमची फसवणूक तर नाही ना?

उत्तर : नाही. हे नाव प्रोसेसरने सांगितलेलं नाही. खालच्या खऱ्या मशीनवर केव्हीएम आणि क्यूईएमयू हे जे व्हर्च्युअल मशिनं चालवणारं सॉफ्टवेअर चालतं त्याने तुमच्या सर्व्हरपुढे एक ठरावीक मुखवटा धरला आहे, म्हणजे तुमचा सर्व्हर एका मशीनवरून दुसऱ्यावर हलवला तरी त्याला फरक जाणवू नये. फ्लॅग्जच्या ओळीत 'हायपरवायझर' हा शब्द असेल, तो बघा. तो दिसला की नाव, कॅश, कोअर यांतलं काहीही खऱ्या प्रोसेसरचं म्हणून धरायचं नाही. मुखवट्यामागे स्कायलेक असेल किंवा त्याच्या नंतरचा कुठलाही. मॉडेल ८५ दिसलं तरी तो आकडा स्कायलेक आणि कॅस्केड लेक या दोघांचाही आहे. खऱ्या मशीनवर त्यांना वेगळं काढायला स्टेपिंग बघतात, पण मुखवट्यावर त्याचा उपयोग नाही. तुम्ही पैसे कशाचे देता? कोअर, रॅम आणि डिस्कच्या वेगाचे. रिटर्न भरायच्या शेवटच्या आठवड्यात सर्व्हर मंदावतो का ते बघा, आणि मंदावत असेल तर 'टॉप' या कमांडमध्ये 'एसटी' हा आकडा टिपून ठेवा. तो सतत वर राहत असेल तर तुमच्या वाट्याचा वेळ दुसऱ्यांना जातो आहे, आणि तक्रार करताना तो आकडा हातात हवा.

प्रश्न : चिंचवडहून लिहितो आहे. मुलांसाठी ऑनलाइन एक बोर्ड प्रोसेसरसकट स्वस्तात मागवला. नाव येतं 'जेन्युइन इंटेल सीपीयू ०००० @ २.३० गीगाहर्ट्‌झ'. झीऑन हा शब्दच नाही. विक्रेता म्हणतो बायॉस जुना असल्यामुळे असं दिसतं.

उत्तर : बायॉसचा यात दोष नाही. नावाची ही अक्षरं प्रोसेसरच्या आत कोरलेली असतात आणि तिथूनच वाचली जातात. झीऑन किंवा नंबर न येता नुसतं 'जेन्युइन इंटेल' आणि चार शून्यं आली, म्हणजे तो इंजिनिअरिंग सँपल आहे, विक्रीच्या मालाच्या आधी बोर्ड बनवणाऱ्यांना चाचणीसाठी दिलेला नमुना. इंटेलच्या म्हणण्याप्रमाणे असे नमुने तिच्याच मालकीचे राहतात आणि ते विकायची परवानगी नसते. त्यातले काही विनातक्रार चालतात. काहींत विक्रीच्या आवृत्तीपर्यंत दुरुस्त झालेले दोष शिल्लक असतात, आणि बायॉस अद्ययावत केला की नवा बायॉस त्यांना ओळखत नाही, बोर्ड सुरूच होत नाही. म्हणून विक्रेता सांगतो तसा बायॉस बदलायला मुळीच जाऊ नका. फॅमिली, मॉडेल, स्टेपिंगचे आकडे पडद्याच्या फोटोसह विक्रेत्याला पाठवा आणि जाहिरातीत लिहिलेला माल हा नव्हे म्हणून परताव्याची मागणी करा. पैसे मिळालेच नाहीत तर मुलांना शिकायला तो बोर्ड वापरू द्या, पण घराचे फोटो, कागदपत्रं असं काही फक्त त्याच एका मशीनवर ठेवू नका.